चार बोटांचं पान

१

कळीने कुलूप काढलं, दार ढकललं आणि उंबऱ्यातच थबकली. मागे जिन्यात उभ्या असलेल्या पानताईला वाटलं, पोरगी मुद्दामच वाट अडवून उभी आहे.

"सरक की गं," ती म्हणाली, आणि मग तिलाही दिसलं.

खिडकीसमोरच्या मोठ्या बोर्डवर काल संध्याकाळपर्यंत कृष्णकमळाची वेल पसरली होती. निळी-जांभळी फुलं, त्यांतून बाहेर झेपावणारे केसर, स्प्रिंगसारखे गुंडाळलेले तणावे. आता तिथे नुसतं लाकूड होतं. चित्राचा कागद ज्या चिकटपट्टीने बोर्डवर ताणून बसवला होता, ती चारी बाजूंना तशीच होती आणि तिला लागून पांढऱ्या कागदाची अरुंद कड उरली होती. मधलं सगळं कुणीतरी पात्याने कापून नेलं होतं.

कळी ओरडली नाही. बोर्डजवळ गेली आणि तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा तिने त्या लाकडावर तळहात ठेवला.

आणि पानताईच्या मनात काय आलं? खरं सांगायचं तर, 'बरं झालं' हेच आलं. ते आल्यावर तिची तिलाच शरम वाटली, पण ते आधी आलं आणि शरम मागून आली, एवढं खरं.

ती कंपनी पडदे, चादरी, अभ्रे आणि भिंतींचे कागद यांच्यावर छापायची पानाफुलांची डिझाइनं करायची. खाली छपाईचा कारखाना आणि वर चित्रं काढायची खोली, तिला सगळे स्टुडिओ म्हणत. मालकीण आक्का. आक्कांनी एका टेबलावर धंदा उभा केला होता, आणि त्यांनी तरुणपणी काढलेली चाफ्याची डहाळी अजूनही कितीतरी घरांच्या खिडक्यांत लोंबत होती. पानताई त्यांची जुनी चित्रकार. तिची पानं अशी असायची की बघणाऱ्याला शिरेवरून बोट फिरवावंसं वाटावं. म्हणून ती पानताई. खरं नाव बहुतेकांना आठवायचंही नाही. कळी दोन वर्षांमागे आली, फुलांचं काम बघायला. आली तेव्हा बोलायचीच नाही, ओठ मिटून बोर्डपुढे उभ्यानेच काम करायची, म्हणून छपाईच्या मास्तरांनी तिचं नाव कळी ठेवलं. पुढे तिची फुलं बघून सगळ्यांचे ओठ मिटले.

मोठ्या हॉटेलांसाठी कापड घेणाऱ्या एक बाई गेल्या महिन्यात नमुने बघायला आल्या होत्या. पानताईच्या पानांवरून त्यांची नजर बसच्या खिडकीबाहेरून झाड सरकावं तशी सरकली. कृष्णकमळाशी आल्या आणि थांबल्या. पर्समधून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला. "हे कुणाच्या हातचं?" त्या म्हणाल्या. तो चष्मा पानताईच्या अजून डोळ्यांपुढून जात नव्हता. त्या दिवशी घरी जाताना तिने कळी वापरते तसाच ब्रश विकत घेतला होता, चोरून. त्या ब्रशनेही फूल आलं ते पानताईचंच.

"ताई," कळी बोर्डाकडे बघतच म्हणाली, "काल दार मीच लावलं होतं. तुमच्या किल्लीने."

"हो ना," पानताई म्हणाली. "शेवटची तूच होतीस."

२

आक्का आल्या त्या गालाला रुमाल बांधून. काल दुपारी दाढ काढायला म्हणून त्या लवकर गेल्या होत्या. त्यांनी रिकाम्या बोर्डकडे पाहिलं, खुर्ची ओढून बसल्या आणि कळीला म्हणाल्या, "तू घरी जा. सोमवारी बाई यायच्या आहेत, तोवर मी काय ते बघते. बोलावेन तेव्हा ये."

"पण आक्का, मी पुन्हा काढू शकते—"

"दोन महिन्यांचं काम तू दोन दिवसांत काढणार? जा."

फोटो कुणाकडेच नव्हता. तो आक्कांचाच नियम: डिझाइन पुरं झाल्याशिवाय फोटो काढायचा नाही आणि फोन खाली छपाईत ठेवूनच वर यायचं. पुऱ्या झालेल्या चित्राचा स्कॅन त्याच सकाळी व्हायचा होता.

कळी गेल्यावर आक्कांनी दार लोटून घेतलं.

"पोलिसांत नाही जायचं. बाहेर बभ्रा झाला तर हॉटेलवाल्या बाई दारातूनच परत जातील. शोध तू घ्यायचास."

"मी?" पानताई दचकली. "आक्का, मला चित्रातलं कळतं. चोरीतलं काय कळणार?"

"चोरी चित्राचीच आहे. तुझ्यासारखी नजर इथे दुसरी कुणाची आहे?" आक्कांनी रुमाल जरा सैल केला. "तिला समोरच्या कंपनीने बोलावलं होतं, ठाऊक आहे ना? जास्त पगार देत होते. जाताना मोकळ्या हाताने कोण जातं? मी काही म्हणत नाही. तू बघ, तपास कर, आणि सोमवारी सगळ्यांसमोर सांग. ती गेली, तर फुलांचं कामही तुझ्याकडेच येईल."

दोन वर्षांत आक्का इतक्या गोड कधी बोलल्या नव्हत्या. पानताईच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

ती परत बोर्डशी गेली. नजर आहे म्हटल्यावर ती वापरायला हवी. उरलेल्या कडेवरून तिने बोट फिरवलं. कापण्याची रेघ सरळ होती, हात कुठे घसरला नव्हता. आणि एक गोष्ट तिला खटकली. डिझाइन कापडावर वरखाली पुन्हा पुन्हा छापलं जातं. एका तुकड्याचा देठ दुसऱ्याच्या देठाला नेमका मिळावा म्हणून कागदाच्या कडेला बारीक फुल्या काढलेल्या असतात. त्यांना इथे जोडखुणा म्हणत. साध्या चोराने चित्राच्या कडेनेच पातं फिरवलं असतं. याने जोडखुणा सांभाळून, त्यांच्या बाहेरून कापलं होतं.

म्हणजे नेणारा माणूस घरातलाच होता. आणि त्याला हे डिझाइन पुढे वापरायचं होतं.

३

दार किंवा कुलूप कुठे फोडलेलं नव्हतं, तेव्हा आधी किल्ल्यांचा हिशेब. एक आक्कांकडे, एक पानताईकडे (ती काल संध्याकाळी कळीकडे राहिली होती) आणि तिसरी भावजींकडे. भावजी म्हणजे आक्कांचे धाकटे दीर. मालाची विक्री तेच बघत. आक्का त्यांना भावजी म्हणायच्या म्हणून सगळा कारखानाच भावजी म्हणायचा.

"काल संध्याकाळी तुम्ही खांद्यावर लांब नळकांडं घेऊन जाताना दिसलात म्हणे," पानताईने सरळच विचारलं. समोरच्या चहावाल्याने तिला सांगितलं होतं.

भावजींचा चेहरा पडला. "कोण म्हणालं?"

"कुणीही म्हणो. नळकांड्यात काय होतं?"

भावजींनी इकडेतिकडे पाहिलं, तिला गोदामाच्या कोपऱ्यात नेलं आणि आवाज उतरवून म्हणाले, "वहिनीला सांगणार नाहीस?"

"आधी मला तर सांगा!"

"कापडाचे उरलेले तुकडे. घरी ही उशा शिवते आणि मैत्रिणींना विकते. वहिनीला कळलं तर माझी उशी करेल." त्यांनी घाम पुसला. "घरी ये, बघ. दिवाणखान्यात बसायला जागा नाही, नुसत्या उशा. परवा पाहुणे आले, तर उभ्यानेच चहा घेऊन गेले."

पानताई खरोखरच जाऊन बघून आली. उशा होत्या. नळकांडंही होतं, पण ते कृष्णकमळाच्या कागदाच्या अर्ध्या रुंदीचंही नव्हतं. जोडखुणा सांभाळून कापणारा माणूस तो कागद दुमडून आत कोंबणार नाही. भावजी सुटले. त्यांना जोडखूण कशाला म्हणतात हेही ठाऊक नव्हतं. त्यांनी ते स्वतःच अभिमानाने सांगितलं.

मग छपाईचे मास्तर. ते खाली रंगाच्या जाळ्या धूत होते. एकेका रंगाला एकेक जाळी लागते आणि कळीच्या फुलांना रंग इतके असत की मास्तर तिच्या नावाने बोटं मोडत.

"गेलं ना ते चित्र? सुटलो बुवा," ते म्हणाले. "एका फुलात निळ्याच्या किती तऱ्हा असाव्यात माणसाने! तुझी पानं बरी. दोन हिरवे, एक पिवळा, काम संपलं."

पानताईला हे कौतुकासारखं लागलं नाही.

"काल संध्याकाळी तुम्ही इथेच होता?"

"होतो की. जाळ्या धुतल्याशिवाय घरी जाता येत नाही. पोरगी खाली उतरली, 'येते मास्तर' म्हणाली. हात हलवत गेली, पिशवीसुद्धा नव्हती."

"रिकाम्या हातांनी?"

"रिकाम्या. मग थोड्या वेळाने पुन्हा वर दिवा लागला. रस्त्याकडच्या जिन्याने कुणीतरी आलं असणार. मला वाटलं, तूच. पायांचा आवाज, मग खुर्ची ओढली. आणि मग काहीच नाही." मास्तरांनी नळ बंद केला. "काही म्हणजे काहीच नाही, ताई. माझ्या सगळ्या जाळ्या धुऊन झाल्या तरी वरचं माणूस बसलेलंच. चोर असा बसून राहतो होय?"

४

"तुझा चेहरा बघून दूध नासेल," नवरा म्हणाला.

पानताई पोळपाट पुढ्यात घेऊन नुसतीच बसली होती.

"मी तिला पकडणार आहे," ती म्हणाली.

"कुणाला? त्या कळीला? तिनेच केलं कशावरून?"

"किल्ली तिच्याकडे. बोलावणं तिला. जोडखुणांची माहिती तिला."

"आणि मास्तर म्हणाले ती हात हलवत गेली, ते?"

"पुन्हा आली असेल रस्त्याकडच्या जिन्याने."

"स्वतःचंच चित्र बघत बसायला?" नवऱ्याने लाटणं तिच्या हातातून काढून घेतलं. "अगं, तुला ती आवडत नाही, हे मला गेली दोन वर्षं जेवताना रोज ऐकायला मिळतंय. तिचं फूल, तिचा ब्रश, तिचा हात. मला तर तिच्या हातावरच्या रेषाही पाठ झाल्यात आता. पण आवडत नाही म्हणून ती चोर होत नाही."

पानताई चिडली, उठली आणि चपला घालून तडक कळीच्या घरी गेली.

कळी एका दुकानावरच्या खोलीत आपल्या आईबरोबर राहत होती. आई बाजेवर पडून होती, पाय सुजलेले. कळीने खुर्ची पुसून दिली. भिंतीवर तिचं स्वतःचं एकही चित्र नव्हतं. होता तो एक जुना पडद्याचा तुकडा, चौकटीत बसवलेला. पानताईने नीट पाहिलं आणि नजर काढून घेतली. पानताईचंच पानांचं डिझाइन होतं, कितीतरी वर्षांमागचं.

"मला समोरच्या कंपनीने बोलावलं होतं, खरंय," कळी म्हणाली. "मी नाही म्हटलं. हवं तर त्यांना विचारा."

"का नाही म्हटलंस?"

"तिथे पानं कोण काढणार?"

पानताईला वाटलं, ही लाडीगोडी लावते आहे. तिने आवाज कोरडा ठेवला. "काल मी गेल्यावर काय काय केलंस, सगळं सांग."

काल काय झालं होतं, ते पानताईला चांगलंच आठवत होतं. घरी निघताना ती कळीच्या बोर्डपाशी थांबली होती आणि म्हणाली होती, "फुलं झाली गं सुरेख. पण या जातीच्या कृष्णकमळाच्या पानाला पाच बोटं असतात. तू सगळ्यांना तीन-तीनच काढलीस. पानांकडे कोण बघतंय म्हणा." दोन महिने ती चूक तिला दिसत होती. दोन महिने ती गप्प बसली होती आणि शेवटच्या संध्याकाळी सांगून, पोरीचा चेहरा उतरलेला बघून, किल्ली तिच्या हातात टेकवून निघून गेली होती.

"पानं सुधारली," कळी म्हणाली. "तीन बोटं होती, तळाशी दोन बारीक बोटं वाढवत गेले. तेवढं जमण्यासारखं होतं. उजेड पार जाईपर्यंत तेच केलं."

"सगळी?"

"एक सोडून. खाली डाव्या कोपऱ्यात ती मोठी मिटलेली कळी आहे ना, तिच्या मागचं पान. एका बाजूला कळी अगदी चिकटलेली, तिथे पाचवं बोट बसेना. चारच झाली." ती ओशाळून हसली. "म्हटलं, सकाळी तुम्हाला विचारून कळी जरा लहान करावी. चार बोटांचं पान कुठल्याच वेलीला नसतं ना, ताई?"

"नसतं," पानताई म्हणाली.

५

सोमवारी सकाळी आक्का हातात मोठी गुंडाळी घेऊन आल्या. गालाचा रुमाल गेला होता. डोळ्यांखाली काळं झालं होतं, पण चेहऱ्यावर तेज होतं. पानताईने ते तेज फार वर्षांपूर्वी पाहिलं होतं, चाफ्याच्या डहाळीच्या वेळी.

"दोन दिवस हात थांबवला नाही," त्या म्हणाल्या आणि कागद टेबलावर पसरला.

कृष्णकमळाची वेल होती. रंग एका कोपऱ्यातच भरला होता, बाकी सगळी रेषांची बांधणी. पण तीच वेल, तेच वळण, तेच तणावे.

"वहिनी!" भावजी ओरडलेच. "हे आठवणीतून?"

"जन्मभर हेच केलंय, भावजी. एकदा पाहिलेलं फूल मी विसरत नाही." आक्कांनी कागदाच्या कडेला बोट ठेवलं. तिथे कापडाच्या काठावर चित्रकाराचं नाव छापतात. हॉटेलवाल्या बाईंनी त्या जागी कळीचं नाव घालायला सांगितलं होतं. आता तिथे पेन्सिलीने आक्कांचं नाव लिहिलेलं होतं. "बाई तासाभरात येतील. हात माझा, तेव्हा नाव माझंच जाणार. पानताई, तुझा तपास झाला ना? त्या आल्या की सगळ्यांसमोर सांगून टाक, म्हणजे पोरीचं प्रकरण मिटलं."

मास्तरांनी मान डोलावली, भावजींनी टाळी वाजवली. पानताई मात्र कागदावर वाकली होती. फुलांकडे तिने पाहिलंच नाही. सवयीने ती पानांवरून चालली, एकामागून एक. पाच बोटं. पाच. पाच.

आक्कांना झाडं कळत होती. पाच बोटं त्यांनी आपल्या माहितीने काढली, असं म्हणता आलं असतं. पानताई खाली डाव्या कोपऱ्याशी पोचली.

मिटलेल्या कळीच्या मागे एक पान होतं. त्याला चार बोटं होती.

६

ती हात धुवायच्या निमित्ताने मोरीत गेली आणि नळ सोडून उभी राहिली.

चार बोटांचं पान दोघींनाच ठाऊक होतं, कळीला आणि तिला. कळी घरी बसली होती, तिला हा कागद अजून दिसला नव्हता. पानताईने तोंड उघडलं नाही तर काही बिघडणार नव्हतं. बाई येतील, चष्मा लावतील, 'छान' म्हणतील. कळी जाईल. खिडकीजवळची, कळी येईपर्यंत तिचीच असलेली जागा परत मिळेल. रोज सकाळी दुसऱ्या कुणाचं फूल उमलताना बघत बसायला नको. आणि तिने काही खोटंही बोलायचं नव्हतं. 'किल्ली तिच्याकडे होती' एवढंच म्हणायचं, आणि ते तर खरंच होतं.

हे सगळं इतकं सोयीचं होतं की तिला संशय आला. चोराचा नव्हे, स्वतःचा.

मग तिच्या लक्षात आलं की ही सोय कुणीतरी तिच्यासाठी करून ठेवली आहे.

तिने नळ बंद केला, ओले हात पदराला पुसले आणि बाहेर आली. "आक्का, जरा आत येता? बाई यायच्या आधी."

आतल्या खोलीत आक्का टेबलामागे बसल्या. पानताई उभीच राहिली.

"गुरुवारी दुपारी तुम्ही दाढ काढायला गेलात. तेव्हा कळीच्या चित्रात पानांना किती बोटं होती?"

"हा काय प्रश्न? पाच."

"तीन होती."

आक्का हसल्या. "तुझी पानं आणि तू. असतील तीन. मला खरं पान ठाऊक आहे, म्हणून मी माझ्या चित्रात सुधारून पाच काढली."

"मलाही तसंच वाटलं. पण डाव्या कोपऱ्यातल्या पानाला चारच आहेत."

"ती मिटलेली कळी आडवी येते तिथे. जागा नाही."

"जागा पोरीच्या चित्रात नव्हती," पानताई म्हणाली. "तुमच्यात आहे. तुम्ही ती मिटलेली कळी लहान काढलीत, आक्का. तिच्या आणि पानाच्या मध्ये अख्खं बोट मावेल एवढी मोकळी जागा आहे. ज्याला पान माहीत आहे तो तिथे पाचवं बोट काढतो. जो आठवणीतून काढतो तो तीन काढतो, कारण दुपारी तीनच होती. चार कोण काढेल? समोर ठेवून बघून काढणारा. ती सुधारणा कळीने तुम्ही गेल्यानंतर केली, गुरुवारी संध्याकाळी, अंधार पडेपर्यंत. तिने मला हे शुक्रवारी सांगितलं. मी कुणालाही सांगितलेलं नाही. मग ते पान तुमच्या कागदावर कसं आलं?"

आक्कांचा हात आपोआप दुखऱ्या गालावर गेला.

"जोडखुणा सांभाळून कापलेलं होतं," पानताई सांगत राहिली. "नासवायचं असतं तर फाडलं असतं. समोरच्या कंपनीला विकायचं असतं तर मास्तरांच्या डोक्यावर कुणी दिवा लावून एवढा वेळ बसलं नसतं. मास्तर म्हणाले, वर कुणीतरी खुर्ची ओढली आणि बसूनच राहिलं. भावजींची किल्ली आणि भावजी मी तपासले. माझी किल्ली कळीकडे होती, आणि कळी उभ्याने काम करते, तिला खुर्ची लागत नाही. उरली तुमची."

बाहेर भावजी कुणालातरी चहा सांगत होते.

"मी नुसतं बघायला आले होते," शेवटी आक्का म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "दाढ काढून परत जाताना वर अंधार दिसला. म्हटलं, कुणी नाही, एकदा निवांत बघून घ्यावं. दिवसा बघायची सोय नव्हती. तुम्ही सगळे माझ्या तोंडाकडे बघत असता. बसले. आणि बघत बसले, बघत बसले... पानताई, माझ्या हातून असं फूल कधी उतरलं नाही. चाफासुद्धा नाही. आणि हे कंपनीच्या नावाखाली गेलं असतं तरी मी सोसलं असतं. पण बाई म्हणाल्या, काठावर त्या मुलीचं नाव घाला. माझ्या कापडाच्या काठावर!"

"म्हणून पातं घेतलंत."

"हातात कधी घेतलं ते कळलंच नाही. पानं बघायचं तर सुचलंच नाही, पुढे घरी समोर ठेवून उतरवतानाही नाही. मी फुलंच बघत होते."

"पानांकडे कोण बघतंय," पानताई म्हणाली, आणि तिला स्वतःच्याच शब्दांनी चटका बसला.

आक्कांनी मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं, पण त्यामागे जुनी मालकीण जागी होती. "तुला तर आनंद व्हायला हवा होता. तुझं काय कमी जळत होतं? मी बघत नव्हते?"

"बघत होता. म्हणून तर तपास माझ्याकडे दिलात. तुम्हाला वाटलं, ही कळीपाशी पोचली की तिथेच बसेल, पुढे बघायचीच नाही." पानताईने खुर्चीची पाठ घट्ट धरली. "आणि आक्का, मी बसलेच होते. दोन दिवस बसले होते. तुमचा अंदाज फार चुकला नव्हता."

"मग आता? सगळ्यांसमोर माझी धिंड काढणार?"

"मी नाही काढणार. तुम्हीच तिला बोलावून सांगायचं, आणि चित्र तिच्या हातात द्यायचं. बाई यायच्या आत."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर मी बाईंना चष्मा लावायला सांगेन आणि डावा कोपरा दाखवेन."

७

चित्र आक्कांच्या घरी, कपाटाच्या मागे, दोन चादरींमध्ये सपाट ठेवलेलं निघालं. एकही सुरकुती नव्हती. भावजी ते आणायला गेले आणि आणून देईपर्यंत त्यांनी एकदाही तोंड उघडलं नाही. त्यांच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ असावी.

कळी आली. आक्का तिच्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी नेलं होतं. तुझ्यावर आळ यावा असं वागले. माझं चुकलं." एवढंच. कारण सांगितलं नाही, पण बोलताना नजरही खाली घातली नाही. मास्तर भिंतीकडे बघत राहिले. कळीने दोन्ही हातांनी चित्र घेतलं, बोर्डवर टेकवलं आणि मग पानताईला जिन्यापर्यंत ओढतच नेलं.

"ताई, तुम्हालाही माझाच संशय होता?"

पानताई म्हणणार होती, छे गं. पण त्या दिवशी तिच्याकडून खोटं निघेना.

"संशय नव्हता," ती म्हणाली. "इच्छा होती."

कळी तिच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटलं नाही, मग हळूहळू लाली चढली आणि ओठ घट्ट मिटले. ती वळली आणि आत निघून गेली. त्या दिवशी पुढे ती पानताईशी एक शब्दही बोलली नाही, आणि पानताईनेही बोलण्याचा आग्रह केला नाही.

हॉटेलवाल्या बाईंनी डिझाइन घेतलं. पडदे छापून झाले, मास्तरांनी निळ्याच्या सगळ्या तऱ्हा शिव्या देत देत उतरवल्या, आणि काठावर कळीचं नाव आलं. आक्का हल्ली वर कमी येतात. आल्या तरी बोर्डपाशी थांबत नाहीत.

हंगाम संपला तेव्हा कळीने राजीनामा दिला. आईच्या खोलीखालचं दुकान तिने भाड्याने घेतलं होतं, स्वतःचं काम सुरू करायला. शेवटच्या दिवशी ती पानताईच्या टेबलाशी आली. मधल्या काळात दोघी कामापुरत्याच बोलत होत्या.

"तुम्ही येता का माझ्याबरोबर?"

"कुठे?"

"दुकानात. निम्मं तुमचं, निम्मं माझं. काठावर दोन्ही नावं."

पानताईचा ब्रश हवेतच राहिला. "मी तुला काय म्हणाले होते, आठवतं ना?"

"रोज आठवतं," कळी म्हणाली. "आणि त्याच दिवशी सकाळी तुम्ही काय केलंत, तेही आठवतं. घाई नाही. विचार करून सांगा."

घरी आल्यावर पानताईने चपला काढल्या, पिशवी टाकली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. नवऱ्याने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि दुधाचं पातेलं झाकलं.

"आता काय केलं कळीने?"

"मला भागीदार हो म्हणाली."

"मग? हे तर चांगलं झालं!"

"चांगलं कसलं डोंबलाचं!" पानताई कडाडली. "तिच्या जागी मी असते तर माझं तोंड पाहिलं नसतं. फूल तिचं चांगलं, हात तिचा चांगला, ते सगळं मी कसंबसं गिळलं. आता मोठं मनसुद्धा तिच्याकडेच? मी जगायचं कसं?"

नवरा हसू दाबत होता. ते त्याला जमेना. मग तिलाही जमेना. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिने पुसलं, नाक ओढलं, आणि म्हणाली, "सकाळी लवकर उठव. दुकानात उजेड कुठून येतो ते बघायला हवं. खिडकी एकच असेल, तर ती मी घेणार."